दिपोटी आला की मी शिपाईण

माझ्या घरात दोन गोष्टी टाकवत नाहीत. रिकाम्या बरण्या आणि शाळेचे किस्से. आज ना उद्या कामाला येतील म्हणून ठेवायचं, आणि एक काढायला गेलं की चार अंगावर पडतात! परवा सून म्हणाली, "आई, लिहून तरी काढा. म्हणजे जेवताना पुन्हा ऐकायला नकोत." मुलगी चांगली आहे, पण जीभ माझ्या वळणावर गेलीय. तर लिहिते.

एक आधीच सांगून ठेवते. स्वतःच्या शहाणपणाचे किस्से सांगणाऱ्या माणसांचा मला कंटाळा आहे. ती माणसं स्वतःच्या किश्श्यात कधी पडतच नाहीत. मी प्रत्येक किश्श्यात पडलेय, आणि तोंडावरच!

*

पहिला किस्सा मुंबईचा नाही. मालवणकडचा, माझ्या लहानपणचा, इंग्रजांच्या राज्यातला. पण तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या गावात एका खोलीची शाळा होती. ती तपासायला वर्षातून एकदा सरकारी डेप्युटी साहेब यायचे. सगळे त्यांना 'दिपोटी' म्हणत. दिपोटी येणार म्हटलं की गुरुजी धोतर धुवायचे, पोरांची नखं कापायचे, जमीन सारवून घ्यायचे. गावात वाघ आला तरी एवढी धावपळ नसायची.

मुलींना शाळेत घालायची रीत आमच्या घरात नव्हती. भाऊ जायचा. संध्याकाळी तो कंदिलाशी पुस्तक घेऊन बसायचा. कंदील एकच, म्हणून मी समोरच्या बाजूला सूप घेऊन तांदूळ निवडत बसायची. त्याचं बोट ज्या अक्षरावर, त्याच्यावर माझा डोळा. वर्षभरात मला वाचायला आलं. झकास आलं. फक्त उलटं! पुस्तक माझ्या बाजूने कायम डोक्यावर उभं असायचं. मला वाटायचं, पुस्तकं अशीच असतात.

एकदा भाऊ टोपी घरी विसरला. ती द्यायला शाळेत गेले, तर खुर्चीवर दिपोटी! साहेबांचं पोट भरलेलं असावं, कारण मूड बरा होता. मला म्हणाले, "काय गं पोरी, तुला येतं का वाचता?"

मी म्हटलं, "येतं."

सगळी शाळा बघायला लागली. साहेबांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. मी ते घेतलं आणि सवयीप्रमाणे फिरवून उलटं धरलं. तोंड उघडायच्या आत दिपोटी हसला. तो हसला म्हणून गुरुजी हसले. गुरुजी हसले म्हणून वर्ग हसला, आणि सगळ्यात मोठ्याने माझा भाऊ हसला. "आधी पुस्तक धरायला शीक!" असं म्हणून साहेबांनी ते काढून घेतलं.

धडा कोल्ह्याचा होता. मला अख्खा येत होता.

सुलट वाचायला मी पुढे शिकले, लग्न होऊन मुंबईत आल्यावर, स्वतःच्या हट्टाने. पण अजूनही घाई असली की पुस्तक फिरवते. चष्म्याच्या डॉक्टरला एकदा म्हटलं, "तो भिंतीवरचा तक्ता जरा उलटा टांगा, म्हणजे पटकन होईल." त्याने चष्म्याचा नंबर काढला नाही. घरातल्या कुणाला तरी घेऊन या म्हणाला!

*

इंग्रज गेला, पण जाताना दिपोटी मागे ठेवून गेला. हे मला कळलं जोगेश्वरीच्या टेकडीवर, गिरण्यांच्या संपानंतरच्या वर्षांत.

यजमानांची गिरणी बंद पडली, आणि आम्ही टेकडीवर राहायला गेलो. आमच्यासारखीच कोकणातली पुष्कळ माणसं तिथे येऊन पडली होती. पोरं दिवसभर उतारावरून पत्र्यांवर बसून घसरायची. मला ते बघवेना. गणेश मंडळाची एक पत्र्याची शेड होती. मंडळाच्या पोरांना दम भरला आणि तिथे शाळा सुरू केली. नाव चांगलं लांबलचक ठेवलं होतं, पण लोक म्हणायचे 'पत्र्याची शाळा'. टेबल म्हणून मंडळाचा कॅरम बोर्ड, दोन स्टुलांवर.

पहिल्या वर्षी पहिली-दुसरी, मग दरवर्षी एक वर्ग वाढवत चौथीपर्यंत. पोरं मला म्हणायची मोठ्या बाई. शिकवायला सुलभा नावाची मुलगी मिळाली. नुकतीच डी.एड. झालेली, चिमणीएवढी. ती खालचे वर्ग घ्यायची, मी वरचे.

सरकारी नियम असा, की शिकवणारा माणूस ट्रेंड, म्हणजे कोर्स केलेला पाहिजे. मी तर शाळेचा उंबरा ओलांडला तोही टोपी द्यायला! मग कागदावर सुलभा मुख्याध्यापिका झाली. आणि मी? मीच डोकं लढवलं. "मला शिपाईण दाखव. तपासणीच्या दिवशी मी घंटा वाजवीन, पाणी देईन, तोंड उघडणार नाही. पोरांनी मला त्या दिवसापुरतं मावशी म्हणायचं."

यजमान कोपऱ्यात बसून विडी ओढत होते. म्हणाले, "गो, तुका शिपाईण कोण म्हणतलो? शिपाई सायबाक भियता. हंयसर सायबच तुका भियतलो!"

साहेबच मला भिईल म्हणे! मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. ते म्हणाले, "चला, प्रॅक्टिस तरी झाली."

*

पहिल्या वर्षी तपासणीला आले वैशंपायन साहेब. घाटकोपरला राहायचे. किडकिडीत, जाड भिंगाचा चष्मा, बारा महिने हातात छत्री. पद काहीतरी शिक्षण निरीक्षक वगैरे होतं. माझ्यासाठी दिपोटीच.

मी घंटा वाजवली, पाणी दिलं, दारात जाऊन उभी राहिले. आतापर्यंत झकास!

साहेबांनी दुसरीतल्या बंड्याला विचारलं, "सूर्य कुठे उगवतो?"

बंड्या म्हणाला, "साकीनाक्याला."

"चूक!" साहेब म्हणाले.

माझ्याच्याने राहवेना. "चूक कसं? इथून बघितलं तर तिकडूनच उगवतो! तुम्ही सकाळी येऊन बघा!"

सुलभा पांढरी पडली. साहेबांनी हळूच वळून बघितलं. "शिपाईणबाई, तुम्हाला कुणी विचारलं?"

"विचारलं नाही, म्हणून तर सांगावं लागलं."

साहेबांनी चष्मा सारखा केला. पुन्हा बंड्याकडे वळले. "बरं. आणि मावळतो कुठे?"

बंड्याने जरा विचार केला. "मावळत नाय सर. मधी बिल्डिंगी येतात."

त्या वर्षी मान्यता मिळाली नाही.

*

ही मान्यता म्हणजे काय ते सांगते. मान्यता असली तर शाळा खरी. नसली तर आमचा दाखला म्हणजे पुडी बांधायचा कागद. तिसऱ्या वर्षी आमची पहिली चौथी बाहेर पडायची होती. टेकडीखालच्या हायस्कूलने आधीच सांगितलं होतं, की मान्यता नसलेल्या शाळेचा दाखला आणलात तर पाचवीत घेणार नाही.

त्या चौथीत मंगल होती. आई तिची हिराबाई, वर्सोव्याहून येऊन टेकडीवर मासे विकायची. मंगलच्या मावशीचं घर टेकडीवर, म्हणून पोर आमच्याकडे. हिराबाई एकदा टोपली उतरवून शेडच्या दारात बसली आणि म्हणाली, "बाई, खरं सांग. दाखला देशील ना?"

"देणार म्हणजे देणार!" मी म्हटलं.

"नाय दिलास तर माझं काय जातंय? पोर माझ्यासंगं बाजारात बसेल. मलाच हात होईल. पण ती रोज भेटली की सांगते, मोठ्या बाईंना सगळं येतं. उद्या तिला कळेल ना, की मोठ्या बाईंना एक कागद आणता येत नाय!"

मला आयुष्यात उत्तर सुचलं नाही असे प्रसंग दोनच. त्यातला हा एक. बोंबील मात्र तिने ताजे दिले.

*

दुसऱ्या वर्षी मी ठरवलं, पोरांची भीती मोडायची. तपासणीची रंगीत तालीम करायची. दिपोटी कोण होणार? सुलभा झाली असती, पण तिला बघून मांजरही उठत नाही. मग मीच झाले. यजमानांचा लग्नातला कोट, काळी टोपी, हातात छत्री. आत शिरताच छत्री कॅरम बोर्डावर आपटली. "उभे राहा! बारा साते किती? नखं दाखवा! नाक कुणी पुसलं नाही?"

पहिलीतली तीन पोरं रडली. दुसरीतल्या एकाने घाबरून पाढा उलटा म्हटला, चौऱ्याऐंशीवरून खाली. मी मनात म्हटलं, हा माझा खरा वारस!

आठवडाभर रोज तालीम. मग एके दिवशी खरे वैशंपायन साहेब आले. नेहमीसारखे हळू, छत्री टेकत. "बसा बाळांनो," म्हणाले.

पोरं बसेनात. एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी बंड्या पुढे झाला आणि अगदी अदबीने विचारलं, "सर, तुम्ही खरे की खोटे?"

साहेब म्हणाले, "खरा."

बंड्या मागे वळून वर्गाला म्हणाला, "बसा रे. खोटाच जास्त डेंजर होता!"

*

त्याच भेटीतली गंमत. साहित्याच्या यादीत पृथ्वीगोल लिहिलेला. पृथ्वीगोल आणायचा कुठून? मी कुंभाराकडून मडकं आणलं, उपडं केलं, निळा ऑइलपेंट दिला आणि वर देश काढले. नकाशा समोर ठेवून काढले हो, मनाने नाही. पण हात आपला आपल्या गावाकडे वळतो. भारत पुष्कळ ऐसपैस झाला. त्यात कोकण जरा जास्तच. मालवण जवळजवळ आफ्रिकेएवढं!

साहेबांनी मडकं फिरवलं. ते डुगडुगलं. मग विचारलं, "अमेरिका दिसत नाही?"

सुलभाने माझ्याकडे बघितलं. मी दारातून म्हटलं, "आत आहे साहेब. जागा उरली नाही, म्हणून तोंडातून हात घालून काढली."

साहेबांनी खरोखर मडकं उचलून आत डोकावलं. "कुणी काढलं हे?"

"तिसरीच्या मुलांनी," सुलभा पुटपुटली.

सगळी तिसरी एका सुरात ओरडली, "नाय सर, मोठ्या बाईंनी!" मग त्यांना आठवलं. लगेच दुसऱ्या सुरात, "नाय सर, मावशींनी!"

बाहेर आल्यावर साहेबांनी चहूकडे बघितलं. टेकडीचा उतार, पार हायवेपर्यंत. "क्रीडांगण कुठे आहे?"

आता सुलभाला बोलू द्यायला हवं होतं. पण ती पदराला गाठी मारत बसली. मी म्हटलं, "चेंडू जाईल तिथपर्यंत सगळं आमचंच साहेब. परत आणायला मात्र अर्धा तास लागतो."

त्याही वर्षी मान्यता मिळाली नाही.

*

तिसऱ्या वर्षी साहेब न कळवता आले. आणि आले केव्हा? गणपतीत!

शेड मंडळाची. गणपती बसले की चौथीची जागा त्यांची. मी चौथीला त्यांच्यासमोर बसवून भूगोल शिकवत होते. सुलभा गावाला गेलेली. कोकणातलं माणूस गणपतीत मुंबईत थांबलं, तर ते आजारी तरी असतं किंवा तुरुंगात तरी!

साहेब दारात. छत्री, चष्मा, घाम. मी खडू पदरात लपवला आणि झाडू शोधायला लागले.

"मुख्याध्यापिका?"

"गावाला."

"मग आज शाळेत जबाबदार माणूस कोण आहे?"

मी म्हणणार होते 'मी'. जीभ दातापर्यंत आली होती. पण मी पडले शिपाईण! मग काय करणार? गणपतीकडे हात केला. "हे आहेत साहेब. विद्येचं खातं यांच्याकडेच असतं ना?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मूर्तीकडे बघितलं. चपला काढल्या, नमस्कार केला. मग अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "यांची नेमणूक तात्पुरती दिसते."

मी म्हटलं, "होय साहेब. अनंत चतुर्दशीपर्यंत."

त्यांनी मोदक खाल्ला, दुसरा रुमालात बांधला आणि काही न लिहिता गेले. जाताना म्हणाले, "वार्षिक तपासणीला येईन. तोपर्यंत कायम माणूस बघा."

*

आता माझ्या मूर्खपणाचा मेरुमणी.

तपासणीची तारीख काही कळेना. परीक्षा जवळ आली. मंगल रोज विचारायची, "मोठ्या बाई, आला का आपला कागद?" शेवटी सुलभाने अर्ज लिहून दिला आणि मी शिपाईण म्हणून तो घेऊन साहेबांच्या ऑफिसात गेले.

साहेब टेबलाशी काहीतरी लिहीत होते. मला हातानेच थांबायला सांगितलं. मी समोर उभी. आता समोर उभं राहून लिखाण दिसलं, की माझं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तो माझा जन्माचा अँगल! साहेबांचं अक्षर वळणदार. मी वाचलं: 'सदर शाळा चालविण्यायोग्य नसून ती बंद करण्यात यावी.'

माझ्या डोळ्यांपुढे मंगल आली, हिराबाई आली, सगळी टेकडी आली. मी टेबलावर हात आपटला. "बंद कराल? कुणाला विचारून? तुमच्या छत्रीने बांधलीय का शाळा? तीन वर्षं पाणी पाजतेय, मोदक खाऊन गेलात रुमालात बांधून, आणि आता चालवण्यायोग्य नाही?"

सगळं ऑफिस उठून उभं राहिलं. पंखा तेवढा फिरत होता. मी दम घ्यायला थांबले.

साहेब शांतपणे म्हणाले, "बाई, ही शाळा मुलुंडची आहे."

मी बघितलं. वरच्या ओळीत चांगलं ठळक लिहिलेलं होतं, मुलुंड. मी तिथून वाचायला सुरुवातच केली नव्हती!

"तुमची फाइल मी अजून उघडलेली नाही," साहेब म्हणाले. मागून क्लार्क म्हणाला, "उघडू का आता?"

"नको," साहेब म्हणाले. "बाईंना आधी पाणी द्या."

मी अर्ज ठेवला आणि वळले. दारापर्यंत पोचले, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "शिपाईणबाई, एक सांगा. हे वाचलंत कसं?"

"अंदाजाने," मी म्हटलं.

साहेबांनी समोरच्या कागदाकडे बघितलं. मग मी जिथे उभी होते, त्या जागेकडे बघितलं. मग पुन्हा कागदाकडे. आणि मी जी पळाले, ती अंधेरीपर्यंत मागे बघितलं नाही!

घरी यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "शाळेची वाट लागली."

पहिल्यांदाच मी म्हटलं, "हो. माझ्या तोंडाने लावली."

*

तपासणी झाली ती परीक्षेच्या तोंडावर. चौथीचे शेवटचे दिवस. पोरं चापूनचोपून बसलेली. मंगलने वेणीला दोन फुलं जास्त माळली होती. शेडच्या बाहेर हिराबाई टोपली टेकून बसलेली. "मी मासळी विकायला आलेय," म्हणाली. टोपली रिकामी होती.

मी सकाळीच देवापुढे शपथ घेतली. आज बोलायचं नाही. साहेब म्हणाले सूर्य मुलुंडला उगवतो, तरी बोलायचं नाही.

साहेबांनी वाचन घेतलं, गणितं घेतली. पोरांनी धडाधड उत्तरं दिली. बंड्याला साहेबांनी मुद्दाम विचारलं, "सूर्य कुठे उगवतो?" बंड्याने माझ्याकडे बघितलं. मी पत्र्याकडे बघितलं. "पूर्वेला सर," तो म्हणाला, आणि हळूच, "साकीनाक्यावरून."

मग साहेब कॅरम बोर्डाशी बसले. शेरेबुक उघडलं. सुलभा त्यांच्या शेजारी. मी पाण्याचा पेला घेऊन समोर उभी. तिथेच उभं राहायची जागा होती, शपथेवर सांगते. वाचायचं नाही असं ठरवलं होतं. पण माशीने गुळाकडे बघायचं नाही असं ठरवून कसं चालेल?

'पट व हजेरी समाधानकारक.' बरं.

'वाचन उत्तम. मुले धीट आहेत, प्रसंगी नको तितकी.' बरं बरं.

'पृथ्वीगोल बदलावा.' बदलू.

साहेब जरा थांबले. पेन झटकलं. मग सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिलं: 'शाळेची शिपाईण अडाणी असून तिला वर्गापासून दूर ठेवावे.'

"अडाणी कुणाला म्हणता हो?"

पेला कॅरम बोर्डावर आपटला. पाणी उडालं. सुलभाने डोळे मिटून घेतले.

बंड्या मंगलला म्हणालेला मला स्पष्ट ऐकू आला. "सर तर कायच बोलले नाय!"

साहेबांनी मान वर केली नाही. ती ओळ खोडली. खाली लिहिलं: 'बसा.'

मी बसले.

'तिसरी-चौथी कोण घेतं?'

"मी," म्हटलं. आता काय लपवायचं राहिलं होतं?

'शिक्षण?'

हाच तो दुसरा प्रसंग. उत्तर सुचेना. समोर बंड्या, मंगल, सगळी चौथी. दारातून हिराबाई आत डोकावलेली.

"शाळा नाही साहेब," मी म्हटलं. "भाऊ वाचायचा. मी समोर बसायची."

पेन थांबलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मी ज्या बाजूला बसले होते, त्या बाजूकडे बघितलं. मग पहिल्यांदाच डावा हात आडवा धरला, माझ्यापासून लपवून, आणि त्याच्याआड काहीतरी लिहिलं. सही केली. टोपण लावलं.

शेरेबुक त्यांनी माझ्याकडे वळवलं. सरळ, अक्षरं पायांवर उभी.

"मोठ्या बाई," म्हणाले. "वाचा. मुलांना ऐकू जाऊ दे."

मी ते उचललं. फिरवून उलटं धरलं. साहेब हसले नाहीत. कुणीच हसलं नाही. मग मी टेकडीच्या पायथ्यापर्यंत जाईल अशा आवाजात वाचलं:

"शाळेस मान्यता द्यावी. शिपाईण वर्गातच ठेवावी."